महापालिकेकडून भाडं-अनामत परत मिळवताना

माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली. आवक-जावकच्या टेबलावर सुरुवात केली आणि कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे महापालिकेत माझे पैसे अडकले तेव्हा नात्यातल्या लोकांना वाटलं, हिला आतल्या वाटा माहीत आहेत, दोन फोन करेल आणि काम होईल. आतल्या वाटा माहीत होत्या म्हणूनच फोन केला नाही. सरळ ग्राहक आयोगात गेले. त्यावर इतक्या जणांनी इतक्या शंका विचारल्या की एकदा लिहूनच टाकते.

प्रकरण साधं होतं. धाकटीच्या स्वागत समारंभासाठी महापालिकेचं सभागृह घेतलं होतं, २२ नोव्हेंबर २०२४ साठी. भाडं ४२,०००, त्यावर जीएसटी ७,५६० आणि अनामत २०,०००. मग विधानसभेच्या तारखा जाहीर झाल्या. मतदान २० ला, मोजणी २३ ला. सभागृह निवडणुकीच्या कामासाठी घेतल्याचं पत्र घरी आलं. पत्रात दिलगिरी होती, पैशांचा उल्लेख नव्हता. आम्ही धावपळ करून एक लॉन मिळवलं आणि समारंभ छान पार पडला, त्याबद्दल तक्रार नाही. निवडणुकीसाठी इमारत ताब्यात घेता येते, कायद्यात तशी तरतूद आहे. पण जे सभागृह वापरायलाच दिलं नाही त्याचं भाडं ठेवून कसं घेता येईल?

परताव्याचा अर्ज दिला, पोच घेतली. पुढे जे झालं ते कुणालाही नवीन नाही. मालमत्ता विभाग म्हणाला, लेखा विभागात विचारा. लेखा विभाग म्हणाला, अनामत मिळेल, पण भाडं 'जमा' झालंय, ते कसं काढणार? जीएसटी तर शासनाला गेला. एका टेबलावर सांगितलं, निवडणूक शाखेकडे मागा, सभागृह त्यांनी घेतलं. नगरसेवकाला गाठावं म्हटलं तर तेव्हा नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार चालू होता.

या सगळ्यांत कुणीही उर्मट बोललं नाही, हे मुद्दाम सांगते. खुर्ची दिली, चहा विचारला. पैसे मात्र कुणी देईना.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि माहिती काय मागावी तर फक्त माझ्या अर्जाच्या नस्तीची, म्हणजे फाइलची, पाहणी आणि टिपणीच्या प्रती. 'पैसे का देत नाही' असा प्रश्न माहिती अधिकारात विचारायचा नसतो, कारण 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. जे कागदावर आहे तेवढंच ते देतात. टिपणीत होतं ते असं: कनिष्ठ लिपिकाने लिहिलं होतं, 'अर्जदारास परतावा देय असल्याचे दिसते. तथापि सदर परतावा कोणत्या लेखाशीर्षाखाली करावा याबाबत मार्गदर्शन व्हावे.' लेखाशीर्ष म्हणजे खर्च ज्या सदराखाली दाखवायचा ते. टिपणीवर वरून शेरा: 'पूर्वोदाहरण असल्यास जोडावे.' खाली पूर्वोदाहरण, म्हणजे आधी असा परतावा दिल्याचा दाखला, नव्हतं. नस्ती तिथेच थांबली होती.

हे वाचून मला राग यायला हवा होता. मला हसू आलं. असे शेरे मीही मारलेत. बाहेरच्या माणसाला वाटतं की कचेरी आपल्याशी भांडते आहे. भांडायला तिथे वेळ कुणाला आहे? पैसे द्यायला सगळे तयार असतात, सही करायला कुणी तयार नसतं. न दिलेल्या पैशाबद्दल ऑडिट कधी आक्षेप घेत नाही. दिलेल्या पैशाबद्दल घेतं, आणि मग निवृत्तीच्या वेळी पेन्शनच्या कागदांत तो आक्षेप आडवा येतो. त्या लिपिकाला माझ्याशी वैर नव्हतं. त्याला एक कागद हवा होता, ज्याकडे बोट दाखवून तो ऑडिटला सांगू शकेल, 'मी नाही दिले, मला द्यायला लावले.' असा कागद फक्त कोर्ट किंवा आयोग देऊ शकतं. म्हणजे मला केस त्यांच्याविरुद्ध करायची होती, पण एका अर्थी त्यांच्यासाठीही.

आता दार कुठलं?

पुष्कळांना वाटतं की छोट्या रकमेसाठी लघुवाद न्यायालय आहे, मुंबईत धोबी तलावाला आहे ते, तिथे जावं. तिथे आज मुख्यतः घरमालक-भाडेकरूंचे वाद चालतात. आणि सरकारविरुद्ध जायला तर ते दार आजच्या कायद्यांत पहिल्यापासून बंद आहे. लघुवाद न्यायालयांचे कायदे १८८२ आणि १८८७ चे. शासनाने किंवा शासनाच्या आदेशाने केलेल्या कृत्याबद्दलचा दावा आणि न्यायाधीशाने आपलं काम करताना केलेल्या कृत्याबद्दलचा दावा, दोन्ही त्या न्यायालयांच्या कक्षेतून सरळ वगळलेले आहेत. छोटी रक्कम असो की मोठी, सरकारवर जायचं तर नेहमीच्या दिवाणी न्यायालयात जा, असा इंग्रजांचा हिशेब होता.

गंमत अशी की सरकारवर दावा करता येतो हे आपल्याकडे ज्या निकालापासून धरलं जातं, तो दावा लघुवाद न्यायालयातच सुरू झाला होता, आणि ३५० रुपयांचा होता. कलकत्त्यात खिदिरपूरच्या सरकारी गोदीजवळून पी अँड ओ या जहाज कंपनीची घोडागाडी चालली होती. गोदीतले मजूर लोखंडाचा मोठा तुकडा वाहून नेत होते, तो त्यांच्या हातून खाली पडला. आवाजाने घोडे बुजले आणि एक घोडा जखमी झाला. कंपनीने सरकारकडे भरपाई मागितली. सरकारवर असा दावा चालतो का, हे ठरवायला लघुवाद न्यायाधीशाने प्रकरण वरच्या न्यायालयाकडे पाठवलं, आणि १८६१ मध्ये सर बार्न्स पीकॉक यांनी उत्तर दिलं: गोदी चालवणं हे कुठलाही खासगी माणूस करू शकेल असं काम आहे, म्हणून सरकार जबाबदार. राजसत्ता म्हणून केलेल्या कामाबद्दल मात्र नाही. आज राज्यघटनेचं कलम ३०० म्हणतं की केंद्रावर आणि राज्यावर त्यांच्या नावाने दावा लावता येतो. पण 'राजसत्तेचं काम कुठलं' हा घोळ त्या घोड्यापासून आजवर संपलेला नाही. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमृतसरच्या एका सराफाला भरपाई नाकारली. १९४७ मध्ये मेरठला पोलिसांनी त्याचं सोनं ताब्यात घेतलं, मालखान्याचा हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. निष्काळजीपणा न्यायालयाने मान्य केला, पण ताब्यात घेणं हे राजसत्तेचं काम, म्हणून भरपाई नाही! पुढच्या निकालांनी ही भूमिका बरीच पातळ केली आहे. तरी समोरचा वकील अजूनही ती काढतोच.

दिवाणी दाव्याला आणखी एक अट असते, नोटिशीची. राज्य किंवा केंद्र सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. महापालिका म्हणजे शासन नव्हे, ती स्वतंत्र संस्था आहे. तिच्या कायद्याचं कलम ४८७ वेगळं. त्यात नोटीस एक महिन्याची, पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. ही सहा महिन्यांची मुदत भल्याभल्यांना माहीत नसते, आणि 'साहेब रजेवर आहेत'मध्ये ती सहज निघून जाते.

माझा पुतण्या वकिली करतो. तो म्हणाला, "काकू, दिवाणी नको, ग्राहक आयोगात जा. सभागृह भाड्याने देणं ही सेवा आहे, तुम्ही पैसे मोजलेत, तुम्ही ग्राहक." लखनौ विकास प्राधिकरणाविरुद्ध १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच सांगितलं आहे की सरकारी संस्था मोबदला घेऊन सेवा देत असेल तर ग्राहक कायद्यातून तिला सूट नाही. अधिकाऱ्याच्या छळामुळे भरपाई द्यावी लागली तर ती त्या अधिकाऱ्याकडून वसूल करावी, असंही त्याच निकालात आहे. हे दुसरं वाक्य वाचायला फार गोड आहे. प्रत्यक्षात अशी वसुली झालेली मी तरी नोकरीत पाहिली नाही. भरपाई महापालिकेच्या तिजोरीतून जाते, म्हणजे मी भरलेल्या घरपट्टीतूनच मला मिळते.

पण प्रत्येक सरकारी काम ही 'सेवा' नसते. कर भरला म्हणून कुणी ग्राहक होत नाही. दस्तनोंदणीला मुद्रांक शुल्क भरणारा नोंदणी कार्यालयाचा ग्राहक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेलं आहे. म्हणून मी तक्रारीत सभागृह निवडणुकीसाठी काढून घेतल्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. तो वाद काढला असता तर त्यांच्या वकिलाला राजसत्तेचं पुराण लावायला जागा मिळाली असती. मी फक्त एवढंच लिहिलं: पैसे घेतले, सेवा दिली नाही, पैसे परत केले नाहीत. पुतण्याने मानसिक त्रासाचे दोन लाख टाका म्हटलं, मी नाही टाकले. रक्कम फुगवली की समोरच्याला अपिलाची उमेद येते.

अशा आणखी एका दाराचा उल्लेख करायला हवा, कारण ते फार कमी लोकांना माहीत आहे: स्थायी लोकअदालत. वर्षातून काही वेळा भरते ती लोकअदालत वेगळी, ही कायमची असते. पाणी, वीज, वाहतूक, टपाल, सफाई, दवाखाना, विमा अशा सार्वजनिक सेवांचे वाद तिथे केस लावण्याआधीच नेता येतात, फी लागत नाही, एक कोटीपर्यंतचं प्रकरण चालतं, आणि तडजोड झाली नाही तर ती स्वतः निकाल देऊ शकते. सभागृहाचं भाडं त्या यादीत बसत नव्हतं. पाण्याच्या बिलाचं भांडण असतं तर मी आधी तिथेच गेले असते. मात्र तिथल्या निकालावर अपील नाही, हे धरून जावं.

आयोगाचे कागद मी स्वतः केले. २०१९ च्या कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि मुदत दोन वर्षांची. वकील हवाच असं नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या संकेतस्थळावर कागद चढवले, तरी छापील संचही तयार ठेवले. कचेरीवर माझा विश्वास आहे, सर्व्हरवर नाही. तक्रार, शपथपत्र, अनुक्रमणिका, पावत्या, रद्द केल्याचं पत्र, अर्जाची पोच. आणि सगळ्यांत वर ती टिपणी: 'परतावा देय असल्याचे दिसते.' सामनेवाल्यांच्या, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्या, नस्तीतलंच वाक्य, त्यांच्याच शिक्क्यानिशी. यापेक्षा मोठा पुरावा मला तयार करता आला नसता.

सामनेवाला म्हणून कुणाचं नाव घालायचं यावर लोक फार गोंधळतात. आयुक्तांचं व्यक्तिगत नाव घालू नये. उद्या त्यांची बदली होते आणि नोटीस त्यांच्या मागे गावभर फिरते. महापालिका, तर्फे आयुक्त, एवढं पुरतं.

नोटीस लागू झाली. लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला उत्तर, द्यायला कायद्याने तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा. पंचेचाळिसाच्या पुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. महापालिकेचे पॅनेलवरचे वकील आले, वकीलपत्र दिलं आणि मुदत मागितली. ती संपली तरी कैफियत आली नाही. सूचना देणारं खातं कुठलं, मालमत्ता की लेखा, हे ठरत नव्हतं, असं त्यांनीच मला जिन्यात सांगितलं. 'विना कैफियत' आदेश झाला, म्हणजे त्यांच्या उत्तराशिवाय प्रकरण पुढे चालवायचं ठरलं.

तारखेला बाकावर बसलं की दुसऱ्यांची प्रकरणं कळतात. एक गृहस्थ भेटले. मुलाच्या केसमध्ये त्यांनी कोर्टात रोख जामीन भरला होता. मुलगा निर्दोष सुटून बरेच दिवस झाले, पैसे परत मिळेनात. "ताई, मला कोर्टावरच केस करायचीय, इथे चालेल ना?" त्यांना इथे चालणार नाही हे सांगणं माझ्या वाट्याला आलं. न्यायाधीशांना तर १८५० पासून कायद्याचं संरक्षण आहे आणि १९८५ च्या कायद्याने ते आणखी पक्कं केलंय. न्यायदानाच्या कामाबद्दल त्यांच्यावर दिवाणी दावा लागत नाही. पण त्यांचं भांडण न्यायाधीशाशी नव्हतंच, कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या नाझर शाखेशी होतं. त्याला केस कशाला? ज्या प्रकरणात पैसे भरले त्याच प्रकरणात रक्कम परत मिळण्याचा अर्ज द्यायचा, मूळ पावती जोडायची, आदेश घ्यायचा आणि तो नाझराकडे न्यायचा. तिथेही हललं नाही तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे प्रशासकीय तक्रार. मात्र उशीर करू नका, म्हटलं, कारण फार काळ पडून राहिलेली ठेव शासनजमा होते आणि मग ती कोषागारातून सोडवायचा ताप वेगळा. त्यांच्याकडे मूळ पावती होती. माझ्या दृष्टीने अर्धं काम तिथेच झालं होतं.

निकाल लागला तो मला हवा तसा. भाडं, जीएसटी, अनामत, सगळं परत, अर्जाच्या तारखेपासून नऊ टक्के व्याज. त्रासाचे पाच हजार, खर्चाचे तीन हजार, आणि पंचेचाळीस दिवसांची मुदत. त्रासाचे पाच हजार वाचून जावई हसला. हसू दे. मथुरेच्या एका वकिलांकडून १९९९ मध्ये रेल्वेने तिकिटाचे वीस रुपये जास्त घेतले होते, त्यांचा निकाल २०२२ मध्ये लागला. त्या मानाने माझी लॉटरी लागली म्हणायची.

अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्यामुळे छोट्या प्रकरणात सरकारी संस्था बहुतेकदा अपील करत नाहीत. पण म्हणून लगेच पैसेही देत नाहीत. मुदत उलटल्यावर मी दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली. ग्राहक कायद्याच्या कलम ७२ मध्ये आदेश न पाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पंचवीस हजार दंड आहे, आणि इथे समन्स माणसाच्या पदनामाने निघतं. दिवाणी निकालाचं वेगळं असतं: सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याला आधी तीन महिने थांबावं लागतं, मग बेलिफ जातो. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खुर्च्या आणि संगणक किंवा एसटीची बस जप्तीला निघाल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशाच. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यासाठी शेतकरी थकून त्या टप्प्याला येतात. बेलिफ खुर्चीला हात लावतो, तेवढ्यात विनंती होते, मुदत मिळते, खुर्ची जागेवर राहते.

माझ्याकडे ती वेळ आली नाही. समन्स गेल्यावर लेखा विभागातल्या त्याच कनिष्ठ लिपिकाचा फोन आला. आवाजात सुटकेचा सूर होता. "मॅडम, आदेशाची साक्षांकित प्रत द्या, रद्द केलेला चेक द्या, प्रस्ताव आजच चढवतो. आता लेखाशीर्षाचा प्रश्नच नाही, न्यायालयीन आदेशात जातं." पैसे खात्यावर आले.

व्याज मात्र निकालाच्या तारखेपर्यंतच धरलं होतं. आदेशात 'प्रत्यक्ष रक्कम देईपर्यंत' असं होतं. फरक फार नव्हता. पुढच्या आठवड्यात फोन: "मॅडम, तेवढी पूर्ण रक्कम मिळाल्याची पुरसिस द्या ना, फाइल बंद करायचीय, वरून विचारतायत." पुरसिस म्हणजे रक्कम मिळाल्याचं लेखी निवेदन. म्हटलं, पूर्ण मिळाली की देते. मी व्याजाचा तक्ता करून पाठवला, तारखांसह, खाली सही करून. तो बिचारा म्हणाला, यासाठी पुन्हा टिपणी चढवावी लागेल. मी म्हटलं, चढवा, या वेळी पूर्वोदाहरण आहे.

फरक आला. पुरसिस त्याच दिवशी दिली.